खोक्यात काय आहे ते विचारू नका, खोकं मोजा

प्रति,
रेल्वेच्या लगेज आणि पार्सल खिडक्यांमागे बसणारे बुकिंग क्लार्क, त्यांचे सुपरवायझर, आणि त्यांच्याही वर बसून नियम लिहिणारे साहेब

विषय : आडवी सायकल, म्हणजे रिकम्बन्ट, पॅक करून गाडीने नेण्याबाबत

महोदय,

विषय वाचून ज्यांच्या डोळ्यांसमोर काहीच आलं नाही त्यांच्यासाठी आधी वस्तूची ओळख. या सायकलीला सीट असते ती पाठ टेकायची, खुर्चीसारखी मागे कललेली. पाय खाली नाही, समोर जातात. पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, एका नळीच्या टोकाला असतं; त्या नळीला आम्ही बूम म्हणतो. माझ्या सायकलीचं पुढचं चाक वीस इंची, मागचं सव्वीस इंची. पेडल एका टोकाला आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) दुसऱ्या टोकाला, त्यामुळे साध्या सायकलीची चेन दीड मीटरच्या आत आटोपते तिथे हिची तीन मीटरच्या वर जाते. कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो की शेजारचा स्कूटरवाला वाकून विचारतो, "काका, पाठ दुखते का हो?" दुखते. म्हणूनच ही घेतली. मणक्याच्या डॉक्टरांनी साधी सायकल बंद करायला सांगितलं होतं; सायकलच बंद करा असं काही ते म्हणाले नाहीत, निदान मी तरी ऐकलं नाही.

खिडकीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही सायकल आहे?" एका भल्या माणसाने "व्हीलचेअर लिहू का?" असंही विचारलं होतं. मी नको म्हटलं. प्रश्न मात्र नवा नाही. १९३३ साली फ्रान्समध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या स्पर्धकाने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच आडव्या सायकलीवर तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं आणि १९१४ पासून टिकून असलेला ऑस्कर एगचा विक्रम मोडला. फोर हा काही पहिल्या फळीचा स्पर्धक नव्हता, आणि खरी पंचाईत तिथेच झाली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने स्पर्धेची सायकल कशाला म्हणायचं त्याची मापं ठरवली, आणि त्या मापांत ही बसेना. तेव्हा नियमांच्या पुस्तकाबाहेर राहायची आम्हा लोकांना सवय आहे. तुमच्या पुस्तकाबद्दल मात्र माझं म्हणणं उलट आहे. तुमच्या पुस्तकात आम्ही बसतो. ते पुस्तक खिडकीपर्यंत पोचत नाही, एवढंच.

नियमच काढू. प्रवाशाने डब्यात सोबत न्यायच्या ट्रंक-सूटकेसचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर. थ्री टियर एसी आणि एसी चेअर कारला ते आणखी लहान, ५५ बाय ४५ बाय २२.५. सव्वीस इंची चाक टायरसकट पासष्ट सेंटिमीटरच्या पुढे जातं, म्हणजे डब्याचा विषय तिथेच मिटला. (दोन्ही चाकं वीस इंची असलेल्या आडव्या सायकली असतात. त्यांची चाकं निदान या मापात येतात; त्यांच्या मालकांचा मला हेवा वाटतो.) उरतो ब्रेकव्हॅन, म्हणजे गाडीचा सामानाचा डबा. तिथे सायकलीला मोफत वजनाची सवलत नाही, हेही मला ठाऊक आहे. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो फुकट असले तरी सायकलीचे पैसे घ्या, किलो न् किलो मोजून घ्या. त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

वाद होतो तो 'बल्की' या शिक्क्यावरून. १०० बाय १०० बाय ७० सेंटिमीटर या मापाच्या बाहेर कुठल्याही बाजूने सामान गेलं की ते बल्की आणि दर दुप्पट. पण त्याच नियमाला पुढे एक शेपूट आहे : वाढ एकाच बाजूची असेल, ती दहा टक्क्यांच्या आत असेल आणि वजन शंभर किलोच्या आत असेल, तर ते बल्की धरायचं नाही. म्हणजे लांबी ११० पर्यंत चालते. या वरच्या दहा सेंटिमीटरांवर माझं सगळं पॅकिंग उभं आहे. माझं खोकं ११० बाय ७५ बाय ३०, वजन पंचवीस किलोच्या आत. घनफळ काढून पाहा : तुमची मर्यादा ०.७ घनमीटर, माझं खोकं पाव घनमीटरही भरत नाही. नियमात बसणाऱ्या एका सामानाच्या जागेत माझ्यासारखी पावणेतीन खोकी मावतील.

आता प्रत्यक्षात काय होतं? एका खिडकीवर टेप लावली जाते, ११० चा आकडा दिसतो आणि बल्कीचा शिक्का पडतो. दहा टक्क्यांचं म्हटलं तर "ते आम्हाला नका शिकवू". दुसऱ्या खिडकीवर टेपच नसते, नजरेनं मोजतात, आणि नजरेला आडवं खोकं नेहमी मोठं दिसतं. तिसरीकडे टेपही नाही आणि नजरही नाही, फक्त प्रश्न : "आत काय आहे? सायकल? मग पार्सलला जा."

पत्राचं मूळ या तिसऱ्या उत्तरात आहे. ज्यांना दोन्हींतला फरक माहीत नाही त्या वाचकांसाठी सांगतो. लगेज म्हणजे प्रवाशाच्या तिकिटावर, त्याच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवायचं सामान; गाडी सुटायच्या किमान अर्धा तास आधी ते खिडकीवर हजर करायचं. पार्सल तिकिटाशिवायही पाठवता येतं आणि जागा होईल त्या गाडीने जातं. घर बदलणाऱ्याला पार्सल ठीक आहे, कपाट दोन दिवसांनी आलं तर काही बिघडत नाही. पण सायकलीवरून हिंडायला निघालेला माणूस कन्याकुमारीजवळच्या नागरकोइलला उतरला आणि त्याची सायकल अजून दौंडलाच असेल, तर त्याने तिथे करायचं काय? लॉज घ्यायचा आणि रोज स्टेशनवर चकरा मारायच्या.

माझ्या बाबतीत हे घडलेलं आहे. कुठल्या स्टेशनावर ते लिहीत नाही, कारण तिथला माणूस एव्हाना बदलून गेला असेल आणि त्याच्या जागी आलेल्याला उगाच बोलणी बसतील. लगेज म्हणून नेलेलं खोकं पार्सलमध्ये गेलं आणि भलत्याच गाडीने आलं. आलं तेव्हा त्याचा तळ ओला होता आणि वास मासळीचा. ब्रेकव्हॅनमध्ये त्याच्या वरच्या बाजूला बर्फात घातलेली मासळी ठेवली असणार. बर्फ वितळला, पाणी पुठ्ठ्यात मुरलं, आणि उचलताना तळ जागेवरच राहिला. डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, साखळीला लोंबत बाहेर आला. फ्रेमला मागे ज्या पत्र्याच्या कानावर तो बसतो तो कान आतल्या बाजूला वाकलेला. परगावी त्या कानाचा सुटा भाग मिळणं म्हणजे नशीब. तिथल्या एका वेल्डिंगवाल्याने पान्ह्यात धरून, डोळ्यानं अंदाज घेत तो सरळ केला आणि पैसे घेतले नाहीत. अजून तोच चालू आहे.

यात सगळा दोष तुमचा, असं मी म्हणणार नाही. ब्रेकव्हॅनमधली बरीचशी जागा कंत्राटदारांना लीजवर दिलेली असते, त्यामुळे "जागा नाही" म्हणताना खिडकीवरचा माणूस बहुधा खरंच बोलत असतो. गाडी थोडाच वेळ थांबते, माल चढवणाऱ्याच्या हातात चाळीस डाग (सामानाचे नग) असतात आणि त्यात माझं एक. तो खोक्याची विचारपूस करत बसणार नाही, आणि करूही नये. खोकंच असं हवं की विचारपूस लागू नये.

तुम्ही म्हणता, नीट पॅक करून आणा. नीट म्हणजे कसं, हे आडव्या सायकलीपुरतं मला तरी कुठल्या खिडकीवर लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून मी काय करतो ते सविस्तर सांगतो. पटलं तर तेच लिहून भिंतीला लावा.

पुठ्ठा बाद. सनपॅकचं खोकं करायचं. सनपॅक म्हणजे आतून पोकळ नळ्यांचा तो प्लास्टिकचा ताव, ज्यावर फलक छापतात. पाणी लागत नाही, वजन नगण्य, आणि मतदान उरकलं की पुण्यात तो अक्षरशः रस्त्यावर मिळतो. माझ्या खोक्याच्या आतल्या बाजूला एक माजी उमेदवार दोन्ही हात जोडून उभे आहेत. कोपरे दुहेरी दुमडून, बोहरी आळीतून आणलेल्या रुंद चिकटपट्टीने आतून-बाहेरून बंद करायचे. खोकं घडी करून ठेवता येतं, हा आणखी एक फायदा. परतीच्या टोकाला मात्र ते नसतंच, कारण माणूस तिथपर्यंत पायडल मारत गेलेला असतो. अशा वेळी गावातला फ्लेक्सवाला गाठायचा. भारतात स्टेशन आहे आणि फ्लेक्सवाला नाही असं गाव मी तरी पाहिलेलं नाही. साध्या सायकलीच्या दुकानात रिकामं खोकं फुकट मिळतं, पण त्याची लांबी ११० च्या बरीच पुढे असते आणि जाडी आपल्या हँडलला पुरत नाही.

सायकल सोडवायची सुरुवात बूमपासून. बूम फ्रेमच्या नळीत आत-बाहेर सरकते आणि आपल्या पायाच्या लांबीप्रमाणे ती एकदाच बसवलेली असते. काढण्यापूर्वी नळीच्या तोंडाशी इन्सुलेशन टेपचा वेढा घालायचा. हा वेढा विसरलात तर जोडताना सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतं आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सांगतो. बूम पूर्ण बाहेर काढून नळीच्या दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबायच्या. पेडल काढताना डावं उलट फिरतं. हे नाना पेठेतल्या कुठल्याही पोऱ्याला पाठ असतं, पण लिहून ठेवलेलं बरं, कारण प्लॅटफॉर्मवर घाईत माणूस ताकद लावतो ती नेमकी चुकीच्या बाजूला.

चेन हे खरं दुखणं. ती सीटखालून जाते, मध्ये एका आयडलरवरून, म्हणजे तिला वाट देणाऱ्या छोट्या चाकावरून, वळते आणि काही भाग प्लास्टिकच्या नळीतून जातो. क्विक लिंक (चेनची उघडणारी कडी) उघडून ती पूर्ण बाहेर काढली तर जोडताना कुठला पदर आयडलरच्या वरून आणि कुठला खालून, हे हमखास विसरायला होतं. म्हणून मी काढत नाही. आधी मोबाइलवर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी फोटो घेतो. मग नळ्यांसकट चेन फ्रेमला समांतर गोळा करतो, जुन्या पायजम्याचा एक पाय तिच्यावर चढवतो आणि तीन ठिकाणी नाडीने बांधतो. प्लास्टिकच्या पिशवीत चेन घालू नये. काळं तेल पिशवी फाडून बाहेर येतं आणि झोपायच्या चादरीला लागतं.

डिरेलर फ्रेमपासून सोडवून, कापडात गुंडाळून, मागच्या त्रिकोणाच्या आत बांधायचा. मासळीच्या प्रकरणानंतर याला अपवाद नाही. डिस्क ब्रेकच्या चकत्या सहा बोल्ट सोडवून काढायच्या आणि प्लायवुडच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून टेपने बांधायच्या, कारण चकती केसभर वाकली तरी चाक पुढे शेकडो किलोमीटर किरकिरत राहतं. चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये घडी घातलेला पुठ्ठा सारायचा, नाहीतर वाटेत कुणाच्या हाताने लिव्हर दाबली गेली की पिस्टन बाहेर येऊन बसतात. फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे) आणि मागच्या फ्रेमचे पाय दाबानं आत येऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये जुना एक्सल नटांसह घट्ट बसवायचा. असा एक्सल सायकल दुरुस्तीवाल्याच्या भंगाराच्या डब्यात पडलेला असतो, मागितला की देतो. चाकांच्या एक्सलची टोकं खोकं फोडून बाहेर येतात, त्यांच्यावर म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ते रबरी बूट चढवायचे. औषधाच्या दुकानात मिळतात. टायरमधली हवा सगळी काढायची गरज नाही. हे विमान नाही. अर्धी हवा राहिली तर टायरच गादीचं काम करतो.

सीट हा मोठा आणि नाजूक भाग. माझी फायबरग्लासची आहे. ती एकसारखा दाब सोसते, पण बोल्टच्या भोकाशी टोकदार दाब आला की तडकते. तिच्या पोटात कपडे आणि स्लीपिंग बॅग भरून ती खोक्याच्या एका बाजूला, पोट आत करून ठेवायची. हँडल स्टेमपासून सोडवायचं, केबली तशाच ठेवून फ्रेमला बांधायचं. फोर्क उलटा फिरवायचा. एवढं झालं की बूम नसलेली फ्रेम साधारण सव्वाशे सेंटिमीटर उरते. आणि खोकं ११० चं! उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. ११० बाय ७५ चा कर्ण १३३ भरतो, म्हणून फ्रेम खोक्यात तिरकी बसते. वरच्या आणि खालच्या रिकाम्या त्रिकोणांत बूम, पेडल, हत्यारांची पिशवी. चाकं दोन बाजूंना, मध्ये फ्रेम, प्रत्येक थरामध्ये एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम. फोम तपकीर गल्लीच्या आसपास मीटरवर मिळतो.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट दोन कवड्यांची आहे. पीव्हीसी पाइपचे तीस-तीस सेंटिमीटरचे चार तुकडे खोक्याच्या आत आडवे लावायचे, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, बाहेरून बोल्ट आणि मोठा वायसर देऊन. खोकं आडवं पडून त्यावर पोती आली, तर वजन पाइपांवर जातं, सायकलीवर नाही. कितीही फोम घाला, खोक्याला खांब नसेल तर फोम दबतो आणि मग आतलं सामान दबतं.

आणि मुठी. नवारीच्या पट्टीच्या चार मुठी, दोन वर, दोन बाजूंना, खोक्याला पूर्ण वेढा घालून शिवलेल्या. हमालाला (२०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी त्यांना 'सहायक' म्हणायचं जाहीर केलं, हाक मात्र अजून जुनीच ऐकू येते) धरायला मूठ मिळाली की तो खोकं उचलतो. मूठ नसली की तो ते कोपऱ्यावर फिरवत नेतो. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी तेच केलं असतं.

तुम्ही सुचवाल की स्टेशनबाहेरच्या पॅकिंगवाल्यांकडून का घेत नाही. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पुण्यातलं शिक्षण किंवा नोकरी आटोपून जाणाऱ्या पोरांच्या मोटरसायकली ते ज्या सफाईने बांधतात, टाकी रिकामी, मग पेंढा, गोणपाट, सुतळी, वर पुठ्ठ्यावर ठसठशीत मार्का, ते बघत राहावं. पेणहून निघालेला गणपती पेंढ्यात जसा सोंड न दुखवता येतो तशी आरशासकट गाडी पोचते. पण त्यांच्या हाताला साध्या सायकलीचा आणि मोटरसायकलचा घाट ठाऊक आहे. आडव्या सायकलीवर ते नेमकी आयडलरवर सुतळी आवळतात, आणि सांगायला गेलं तर म्हणतात, "काका, तुम्ही चहा घेऊन या." शिवाय गोणपाट बांधलेली अख्खी आडवी सायकल जवळपास पावणेदोन मीटर लांब भरते. ती बल्की आहे हे मीच मान्य करीन.

तर माझ्या बाजूने मी एवढं करून येतो. बदल्यात जे मागतो आहे त्यासाठी ना नवा डबा लागतो, ना नवा नियम.

प्रत्येक लगेज खिडकीशेजारी लोखंडी पट्ट्यांची एक चौकट उभी करा. तिच्या आतल्या कडा ११०, १०० आणि ७०. वाढ एकाच बाजूला चालते, म्हणून ११० एकाच कडेला, आणि दहा टक्क्यांचं ते शेपूट चौकटीवरच रंगवून टाका. डाग आत सरकला तर साधा दर, अडला तर दुप्पट. क्लार्कला वाद घालायला नको, प्रवाशाला पुस्तकातलं कलम सांगायला नको. पुण्यात तरी पाटीवर लिहिलेलं माणूस वाचतो, आणि पाटी खोचक असेल तर पाळतोही. आत सायकल आहे, सतार आहे की शिलाई मशीन, याची चौकशी ज्वालाग्राही आणि धोकादायक वस्तूंपुरती करा, बाकी खोकं मोजा. सायकलीच्या नावाने मोफत सवलत कापायची आहे, म्हणून पावतीवर 'सायकल, पॅक केलेली' असं लिहायला माझी हरकत नाही. त्या शब्दावरून लगेजचं पार्सल करू नका, इतकंच.

जागा नसेल तर नाही म्हणा, पण वेळेत म्हणा. अर्धा तास आधी आणा असा नियम आहे; मी दोन तास आधी येतो. दोन तास बसवून ठेवून गाडी फलाटाला लागल्यावर "नेक्स्ट गाडीने टाकू" हे उत्तर मिळतं, तेव्हा माझ्याकडे माझं आरक्षण सोडून देणं किंवा सायकल सोडून देणं एवढेच दोन रस्ते उरतात. गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनावर, उदाहरणार्थ पुण्याहून कन्याकुमारीला निघणाऱ्या एक्सप्रेसला, ब्रेकव्हॅनमध्ये लगेजसाठी काय जागा आहे हे तासभर आधी सांगणं अवघड नसावं.

खोकं उभं ठेवायला ब्रेकव्हॅनच्या भिंतीला दोन कड्या आणि एक पट्टा. मोटरसायकली बांधायलाही त्या उपयोगी पडतील.

आणि एक मागणी अशी, जिला एक पैसाही लागत नाही. ब्रेकव्हॅन बहुतेक गाड्यांना दोन असतात, एक पुढे, एक मागे. बावीस डब्यांची गाडी पाचशे मीटरच्या वर लांब असते. माझं खोकं पुढच्यात चढवलं की मागच्यात, हे मला कळत नाही. शेवटच्या स्टेशनावर त्याने काही बिघडत नाही. पण मधल्या स्टेशनावर, जिथे गाडी दोन ते पाच मिनिटं थांबते, तिथे मी मागच्या टोकाला धावत जातो आणि खोकं असतं इंजिनाकडे. उतरवणारा एकटा, त्याच्या यादीत माझा डाग शेवटचा, गार्डने (आता ट्रेन मॅनेजर) हिरवा दाखवला की खोकं पुढच्या गावाला. हे टाळायला लगेजच्या तिकिटावर पेनाने 'पुढे' किंवा 'मागे' एवढा एक शब्द लिहा. मी त्या बाजूच्या डब्याजवळ आधीच जाऊन उभा राहीन, दार उघडताच तिकीट दाखवीन, आणि परवानगी दिलीत तर दुसरी मूठ स्वतः धरीन.

हे पत्र फक्त माझ्यासारख्या आडव्यांसाठी नाही, आम्ही असून असून किती असणार. पण पुण्याहून साध्या सायकलीवर कन्याकुमारी गाठून गाडीने परतणारी मंडळी दर हिवाळ्यात निघतात. त्यांची सायकल चाकं आणि हँडल काढूनही ११० मध्ये बसवायला हीच तिरकी युक्ती लागते. तीनचाकी आडव्या सायकलीचा प्रश्न वेगळा आहे. तिची रुंदीच ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि घडीची नसेल तर ती बल्कीच. तिच्या मालकांनी दुप्पट दर भरावा आणि त्याच गाडीने ती मिळावी असा आग्रह धरावा.

शेवटी एक प्रस्ताव. तुमच्यापैकी कुणाला हे सगळं कागदावर पटत नसेल तर एखाद्या रविवारी सकाळी, गर्दी नसेल तेव्हा, सांगाल त्या पार्सल ऑफिसच्या अंगणात मी सायकल चालवत येतो. तुमच्यासमोर सोडवतो, खोक्यात भरतो, तुमच्याच टेपने मोजून देतो आणि तुमच्याच काट्यावर तोलतो. मग ज्याला हवं त्याने खोक्यावर उभं राहून पाहावं. पाइप मी माझ्या खर्चाने लावलेले आहेत.

कळावे,

आपला,
एक आडवा सायकलवाला
कोथरूड, पुणे

ता. क. : हे वाचून खोकं करायला बसणाऱ्यांसाठी. ११० हे माप बाहेरचं आहे. चिकटपट्टीचे थर, बोल्टची डोकी आणि फुगलेली भिंत मिळून दोन-तीन सेंटिमीटर सहज खातात, तेव्हा ताव कापताना १०७ च धरा. टेप मात्र स्वतःची न्या.